ठेक्यात न बसणारं नाव

ग्युचोलने शिट्टी फुंकली, पांढरे हातमोजे घातलेले दोन्ही हात उंचावले आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "नोवारीम टेलिकॉम बगळे!"

ढोल वाजला. समोरचा अख्खा स्टँड ढिम्म. कुणी तळलेल्या कोंबडीचं हाड चोखत होतं, कुणी बिअर रिचवत होतं. मागच्या रांगेतून एक जण खेकसला, "प्रमुखसाहेब, हे संघाचं नाव आहे की खोकल्याचं औषध?" त्यावर मात्र सगळे एकदिलाने हसले.

लोकांचा तरी काय दोष? कोरियात बेसबॉलच्या संघाला मालकाच्या कंपनीचंच नाव असतं. मालक बदलला की नाव बदलतं, रंग बदलतो, आरोळी बदलते. आधीचे मालक गोसान सिमेंटवाले. गो-सान, गो-सान, दोन ठोके मारले की झालं. ते महाकंजूष होते. खेळाडूंना बॅटसुद्धा जपून वापरा म्हणायचे. बंदरावरच्या लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, पण ठेक्यात घातल्या. वसंतात त्यांनी संघ विकला, तेव्हा मासळीबाजारात लोकांनी एकमेकांना फुकट सोजू पाजली. नवे मालक टेलिफोनवाले, गडगंज. आता तगडा फलंदाज येणार, करंडक येणार, असं जो तो दुसऱ्याला सांगत सुटला होता.

आला काय, तर जांभळा रंग. जर्सी जांभळी, खुर्च्या जांभळ्या, संघाच्या चिन्हातला बगळासुद्धा जांभळा. ऐन उन्हाळ्यात संघातला एकुलता एक धड फलंदाजही दुसऱ्या संघाला देऊन टाकला. सिमेंटवाल्यांच्या राज्यात बगळे शेवटून दुसरे असायचे. टेलिफोनवाल्यांनी तीही कसर भरून काढली.

समर्थकांचा प्रमुख म्हणून आरोळ्या वदवून घेणं हे ग्युचोलचं काम. ऐन तारुण्यात तो स्टँडसमोरच्या चौथऱ्यावर चढला, आता गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि खाली उतरून करायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं. काल कंपनीचे नामसाहेब मुद्दाम येऊन सांगून गेले होते, "उद्या चेअरमनसाहेब येतायत. कंपनीचं पूर्ण नाव सगळ्या स्टँडने एका सुरात घेतलेलं त्यांना ऐकायचंय. नाही जमलं, तर पुढच्या मोसमाला त्या चौथऱ्यावर दुसरा माणूस."

त्याने काय काय करून पाहिलं होतं! नाव तोडलं, ताणलं, पॉप गाण्याच्या चालीवर बसवलं. कंपनीचं ते सहा ठोक्यांचं धूड कुठल्याच ठेक्यात बसेना.

आठव्या डावात तर लाजच गेली. सरपटत आलेला साधा चेंडू आपल्या खेळाडूच्या दोन पायांमधून निघून गेला आणि पाहुण्यांच्या आणखी दोन धावा झाल्या. ग्युचोलने वर काचेच्या कक्षाकडे पाहिलं. चेअरमनसाहेब हाताची घडी घालून उभे होते.

पहिल्या रांगेत जमसुनआजी बसली होती. ती आयुष्यभर बंदरावर शिंपले सोलत आली होती आणि अंगात अजून गोसानची लाल जर्सी घालायची. ती उठली. हातातले प्लास्टिकचे दांडके तिने एकमेकांवर आपटले. तीन ठोके, तीन ठोके, मग सात. शाळेच्या मैदानावर पोरंसोरं शिकतात तो ठेका, ज्याला कुणी आता हिंग लावून विचारत नाही.

"नो-वा-रीम! टे-लि-कॉम! आ-ता-त-री-चाल-ते-व्हा!"

शेजारच्या दहा जणांनी आजीचा सूर उचलला, मग रांगेने, मग वरच्या मजल्याने. ग्युचोलच्या अंगावर काटा आला. बसलं! मेलं ते नाव एकदाचं बसलं!

ढोलवाला पोटावर ढोल घेऊन त्याच्याकडे बघत होता. "प्रमुख, काय करू? बंद करायला सांगू की वाजवू?"

ग्युचोलने हात आडवे केले असते तर लोक गप्प बसले असते. त्याचं ते ऐकत. पण तोही याच बंदरातला होता. वसंतातली ती सोजू तोही प्यायला होता, करंडक येणार म्हणून शेजाऱ्यांना त्यानेही सांगितलं होतं. त्याचाही संताप संताप झाला होता. नोकरी गेली चुलीत.

"वाजव," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

मग जे झालं, तसं त्या मैदानात कधी झालं नव्हतं. आजीपासून कडेवरच्या लेकरापर्यंत प्रत्येक जण ओरडत होता. तीन, तीन, सात. खुर्च्या थरथरत होत्या. ग्युचोल घामाने निथळत, बेंबीच्या देठापासून त्यांच्याबरोबर ओरडत होता, आणि या चौथऱ्यावरचा आपला हा शेवटचा दिवस आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

सामना बगळे अर्थातच हरले. गर्दी पांगायच्या आतच नामसाहेब जिन्यावरून धावत खाली आले. ग्युचोलने गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढे धरली.

"चुकलो म्हणणार नाही, साहेब."

"चुकलात? अहो, काय बोलताय!" नामसाहेबांनी शिट्टी परत त्याच्या गळ्यात घातली. "चेअरमनसाहेब बेहद्द खूश आहेत. अख्ख्या स्टँडच्या तोंडी आपलं पूर्ण नाव! पुढची तीन वर्षं चौथरा तुमचाच."

ग्युचोलने विचारलं, "पण साहेब, नावाच्या पुढचं? लोक काय म्हणत होते ते ऐकलं ना त्यांनी?"

"ऐकलं की," नामसाहेब म्हणाले. "ते सात ठोके उद्यापासून मोकळे ठेवा. तिथं आपली जाहिरात बसते."