टिटवीची कुस्ती

वृषालीने एक लाथ मारली आणि पुन्हा मागे पळाली.

व्हिडिओ गेमच्या पडद्यावरची तिची खेळाडू काडीसारखी होती. यात्रेला जमलेल्या लोकांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. समोर पेठच्या आदेशचा गडी होता, अंगाने अवाढव्य. त्याला सगळे रेडा म्हणत होते. रेड्याच्या एका मिठीत टिटवीचा अर्धा जीव जाई. टिटवीच्या लाथेने रेड्याला नुसतं खरचटे. म्हणून वृषालीचा डाव सरळ होता. चपळाईने एखादी लाथ जास्त मारायची आणि घड्याळ संपेपर्यंत हाती लागायचं नाही.

"अगं, पळतीस काय? कुत्रं मागं लागलंय का?" मांडवातून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

पहिल्या रांगेत वृषालीचे वडील बसले होते. रखमाजींनी तरुणपणी याच मैदानात कुस्त्या मारल्या होत्या. ते ओरडत नव्हते, हसतही नव्हते. मान खाली घालून मातीकडे बघत होते. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी वृषालीला चाललं असतं.

घड्याळ संपलं. पडद्यावर टिटवीने हात उंच केला. निरगुडसरची पोरं नाचायला लागली. जिंकणारा तालुक्यातर्फे पुण्याच्या स्पर्धेला जाणार होता.

तेवढ्यात गेणभाऊ उठले. निरगुडसरच्या आखाड्यात जोड लावायची ती त्यांनी आणि सोडवायची तीही त्यांनीच. सख्ख्या भाच्याला त्यांनी कधी झुकतं माप दिलं नव्हतं. यंदा कमिटीने कुस्त्यांबरोबर हा खेळही ठेवला, तेव्हा पंच म्हणून दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. गेणभाऊंनी वृषालीचा आणि आदेशचा असे दोन्ही हात धरले आणि वर केले.

"बरोबरीत सोडवली."

मांडवात एकच गलका झाला.

"गेणभाऊ, मशीननं निकाल दिलाय की राव! पोरीचा जीव जास्त शिल्लक हाय!"

"पाठ लागली का कुणाची?"

"लागली न्हाई, पण..."

"मग कसली कुस्ती? मशीन काय यात्रेला वर्गणी देतं व्हय, त्याचं ऐकाया?"

वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी घरातून निघताना रखमाजी म्हणाले होते, "निकाली जिंकलीस तर मी सोता तुला एसटीत बसवून देईन. न्हाईतर हे खूळ आजपास्नं बंद."

गेणभाऊंनी घड्याळ बंद करायला सांगितलं. खेळात तशी सोय होती. आता लढत नव्याने सुरू होऊन एकजण आडवा होईपर्यंत चालणार होती.

आदेश हसला. "ताई, आता कुठवर पळशील?"

त्याचं खरं होतं. वृषालीचं सगळं पळणं घड्याळाच्या भरवशावर होतं. ते गेल्यावर तिला काही सुचेना. रागाच्या भरात ती सरळ रेड्याच्या अंगावर धावून गेली. रेड्याने तिला अलगद उचललं आणि आपटलं. अर्धा जीव गेला.

वृषालीने एक खोल श्वास घेतला. मग ती पळाली नाही आणि धावूनही गेली नाही. रेड्याचा हात जिथपर्यंत पोचतो, त्याच्या बोटभर बाहेर तिने टिटवीला उभं केलं.

रेड्याने झेप घेतली. त्याच्या मिठीत हवा आली. एवढे मोठे हात आवरून घ्यायला त्याला वेळ लागे. तेवढ्यात टिटवी आत शिरली, दोन लाथा मारल्या आणि बाहेर आली. तिसरी मारायचा मोह झाला होता, तो वृषालीने आवरला. पुन्हा तेच. पुन्हा बोटभर बाहेर, पुन्हा रिकामी मिठी, पुन्हा दोन लाथा. मांडवातला गलका हळूहळू बसला.

आदेशही काही कच्चा नव्हता. त्याने झेपा बंद केल्या. रेड्याने दोन्ही हात तोंडासमोर धरले आणि तो लाथेची वाट बघत उभा राहिला. एक लाथ अडवली की टिटवी त्याच्या मिठीतच येणार होती.

वृषालीने लाथ मारलीच नाही. टिटवी चालत चालत पुढे गेली. अगदी जवळ. लाथ अडवायला हात वर धरले की पकडीला अंग मोकळं राहतं. तिने रेड्याच्या कमरेला हात घातला आणि त्याला खांद्यावरून फेकलं. लाथा खाऊन आधीच अर्धमेला झालेला रेडा पाठीवर पडला तो उठलाच नाही.

"चितपट!" रखमाजी उभे राहून ओरडले. "ढाक मारली! माझ्या पोरीनं ढाक मारली!"

आदेशने कंट्रोलर खाली ठेवला आणि वृषालीला हात जोडले. "ताई, पुण्यात अशीच हाण."

गर्दी पांगली. रखमाजी भेटेल त्याला धरून ढाक कशी बसली ते करून दाखवत होते, आणि मध्येच उद्याच्या एसटीची वेळ विचारत होते. वृषाली गेणभाऊंजवळ गेली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

"गेणभाऊ, वेळ संपली की ज्याचा जीव जास्त त्यो जिंकला. या खेळाचा नियमच हाय तसा."

"ठाऊक हाय की. परवाच समजून घेतला."

"मग?"

गेणभाऊंनी रखमाजींकडे बोट केलं. "त्याला कोण समजावणार व्हतं?"

वृषालीने वडिलांकडे वळून पाहिलं. "आन् मी हरले असते तर?"

गेणभाऊंनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"तर मशीनचा पहिलाच निकाल धरला असता, बाय."