लाल दिसला की

दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या प्रेमराज आबांना मोबाईलवर फुगे फोडण्यापुढे जेवणही सुचेना. शेवटी सून सारिकानं त्यांना जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे आणलं. आबांच्या डोक्यावर वायरींची टोपी चढवून डॉक्टर म्हणाले, “पडद्यावर हिरवा ठिपका आला की बटण दाबा, लाल आला की थांबा.” हिरव्याला आबा ढिम्म, लालला मात्र फटाफट! “यांच्या मेंदूला ब्रेकच नाही,” डॉक्टर उसासले. आबा भडकले. “तीस वर्सं लाल दिवा पेटला का बटन दाबून मशीन बंद केलं म्या! थांबलो असतो, तर अर्धं गाव उडालं असतं, डाक्टर!” सारिकानं मोबाईल बंद करायच्या बटणावर कपाळावरची लाल टिकली चिकटवून तो आबांना दिला. पहिला फुगा फुटायच्या आत त्यांचा अंगठा टिकलीवर. मोबाईल बंद. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिलं: लाल टिकल्या, एक पाकीट.