कणगीतला ज्वालामुखी

सगुणाकाकींनी फुग्यात बसून ज्वालामुखी पाहिला. पण मंडळाच्या इतिवृत्तात तशी नोंद नाही, आणि जे इतिवृत्तात नाही ते झालेलंच नाही, असा चिटणीस दिनानाथचा नियम होता. तेव्हा असं काही झालं नाही.

झालं ते एवढंच. शहाण्णव साली श्रावण संपत आला, चतुर्थी आठ दिवसांवर येऊन ठेपली, आणि रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात मंडळाचा गणपती अजून बिनडोळ्यांचा बसून होता.

देखावा दिनानाथच्या डोक्यातून निघालेला. बाप्पा गरम हवेच्या फुग्यातून ज्वालामुखीच्या मुलखात सहलीला निघालेत. फुगा तयार होता. छत्रीचं कापड जोडत जोडत तो दोन मजली झाला होता. खाली पाळणा म्हणून भात साठवायची बांबूची कणगी, तिच्या तोंडावर लोखंडी चौकट, चौकटीवर आचाऱ्याची मोठी गॅसची शेगडी. मूर्ती पेणहून येऊन पडली होती. फक्त डोळे बाकी. ते आखायचे सगुणाकाकींनी, गेली चाळीस वर्षं. तोवर ती नुसती रंगवलेली माती.

काकी पेणहून एसटीने आल्या. मूर्तीसमोर बसल्या, कुंचला भिजवला आणि पुसून परत ठेवला.

"देव ज्वालामुखी बघतोय म्हणतोस. मी तो बघितला नाय. मग त्याच्या डोळ्यात काय घालू?"

दिनानाथने कॅलेंडरवरचं चित्र पुढे केलं. काकी म्हणाल्या, मग हे डोळे कॅलेंडर बघतील. दुसरा आखणारा आठ दिवसांत मिळणार नव्हता. पेणमध्ये त्या वेळी मोकळा हात शोधणं म्हणजे होळीला सुकं पोरगं शोधण्यासारखं.

भूगोलाचे महिपती गुरुजी चहाला आले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यासाठी लांब जायला नको. समोरचा डोंगर, मागचा डोंगर, अख्खा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि तो वाहत राहिला, थरावर थर. वरून पाहिलं तर पायऱ्या दिसतात.

चहा गार झाला.

"म्हणजे मी चटणी वाटते तो पाटा?" काकींनी विचारलं.

"तोही."

काकींनी हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही. दिनानाथने पायाखालच्या काळ्या दगडावरून एक पाय हळूच उचलला, मग दुसरीकडे ठेवायला जागा नाही म्हणून परत टेकवला.

"मग वरनंच दाखव," काकी म्हणाल्या. "फुगा हाय ना तुझ्याकडं."

दिनानाथ व्यवहारी माणूस. तो आणि कंपनीत फिटर असलेला हिरामण, दोघांनी हिरामणची शिफ्ट सुटल्यावर बेत आखला. कणगी चांगली खोल होती, काकी मूठभर. आत उभं राहिलं की वरचा फुगा सोडून काही दिसायचं नाही. खाली बघायला कणगीला एक झरोका पाडायचा आणि बाहेरून त्यावर गुरुजींच्या पुस्तकातलं डोंगरांचं विमानातून काढलेलं चित्र चिकटवायचं. शेगडी जेमतेम पेटवायची, म्हणजे फुगा नुसता उभा राहील. हिरामण कणगी डुलवेल, दिनानाथ कनातीमागे बसून पत्रा हलवून वाऱ्याचा आवाज काढेल. पंधरा मिनिटांनी काकींना उतरवायचं. वर गेल्यावर खालचं कसं दिसतं हे काकींना तरी कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी छान उघडीप होती. नदीकाठच्या मैदानात हिरामणने दोर खांबाला बांधला. विसर्जनाला मूर्ती ट्रकवर बांधतो तीच गाठ मारली. गावात त्याच्या गाठीचं नाव होतं. पक्की, आणि एका हिसड्यात सुटणारी. काकी कुंचला पदराला खोचून आत उतरल्या. शेगडीची चावी पाव फिरवायची, त्यापुढे नाही, असं त्यांना दोनदा बजावलं. त्यांनी दोनदा मान हलवली.

दिनानाथ कनातीमागे गेला आणि पत्रा हलवू लागला. बोलायचं नाही असं ठरलं होतं, कारण काकींच्या हिशेबी तो खाली जमिनीवर राहिलेला असणार होता.

थोड्या वेळाने काकींचा आवाज आला.

"पायऱ्या हायत रे. काळ्या. एकावर एक."

चित्र कामाला आलं. दिनानाथ गालात हसला आणि पत्रा जरा जोरात हलवला.

"कुंडलिका कशी वळलीय. पूल काडीएवढा."

चित्रात पूल नव्हता. पण काकी पडल्या कलावंत, त्यांनी मनानं घातला असेल.

"लांब मिठागरं. पावसानं भरलीत. आरसे मांडल्यागत."

आवाज आता बारीक येत होता. कणगी खोल असते. इतक्यात गुरुजींचं चित्र कनातीवरून तरंगत आलं आणि दिनानाथच्या मांडीवर पडलं. खळ ओली राहिली असणार. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं.

"हे सगळं वाहत होतं रे," काकी म्हणाल्या. "आन् आपण त्याच्यावर घरं बांधली."

पुढे आवाज आला नाही. दिनानाथने पत्रा खाली ठेवला. त्याला हसू येईना. आपणही एकदा ते बघावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तो तसाच बसून राहिला, समोरच्या काळ्या डोंगराकडे बघत, हिरामण धावत येऊन त्याला हलवीपर्यंत.

संध्याकाळी त्याने इतिवृत्तात 'चहापानानंतर सभा संपली' एवढंच लिहिलं. मग वेगळा कागद घेतला.

'मा. तहसीलदार साहेब, रोहा. अर्ज करतो की, आमच्या मंडळाच्या मूर्तीचे डोळे अद्याप आखावयाचे आहेत. ते आखणाऱ्या श्रीमती सगुणा या, दोर विसर्जनाच्या गाठीने बांधला गेल्यामुळे, सकाळी नऊपासून निडी स्टेशनच्या वर अंदाजे हजार फुटांवर असून, खाली बोलावले असता "अजून बघून झालं नाय" असे कळवितात. तरी त्या खाली येईपर्यंत यंदाची गणेश चतुर्थी पुढे ढकलण्यात यावी, ही नम्र विनंती.'