लोखंडी स्टूल

आमच्या काकूला आईची बरोबरी केल्याशिवाय घास गोड लागत नाही. आईने पडदे बदलले की काकूच्या खिडकीला लगेच तसलेच पडदे. म्हणून माझ्या प्रवेशाच्या वेळी आईने अकाउंट्सच्या कॉलेजचं नाव पोटातच ठेवलं. काकू फारच खोदून विचारायला लागली, तेव्हा आईने तोंडाला आलं ते ठोकून दिलं, "वेल्डिंगला घालतेय हिला. हल्ली त्यालाच मागणी आहे."

काकूची पाठ वळली आणि आई पोट धरून हसली. "बसू दे आता तिच्या लेकीला ठिणग्या उडवत!"

काकूने खरंच लेकीला वेल्डिंगला घातलं. परवा माझी ही चुलत बहीण स्वतः जोडलेलं लोखंडी स्टूल मिरवत आमच्याकडे आली. बाही एका जागी जळलेली, नखं काळी आणि चेहरा नुसता फुललेला. काकू त्या स्टुलावर अशी ऐटीत बसली, की उठायचं नाव घेईना. ती उठल्यावर मी स्टुलाचे जोड बोटाने चाचपून पाहिले. एकही कच्चा नव्हता.

त्या दोघी गेल्या आणि आईचा जळफळाट माझ्यावर निघाला. "बघ, काय आवडीनं शिकतेय ती! नाहीतर तू, सदा तोंड पाडून बसलेली. तुला नाही कधी असलं काही शिकावंसं वाटलं?"



"वाटलं होतं की, आई. मी हट्टच धरला होता. तोच तर तू काकूला थाप म्हणून सांगितलास."