स्मोकीची शिकवणी

ऑस्ट्रेलियातल्या वस्तीवरच्या आदिवासी पोरांना आधार देऊन वाट दाखवायला शिकवणारा तो ऑनलाइन कोर्स होता. सिडनीतल्या कॉम्प्युटरने आपल्याच मनाने जोड्या लावल्या आणि सेल्विनच्या वाट्याला गुरू म्हणून आली त्याची सासू. पडद्यावर तिचं नाव दिसताच त्याने झटकन कॅमेरा बंद केला. पलीकडचाही बंद झाला. त्यांच्या जमातीत सासू-जावई एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. मान राखायचा तो असाच. पण तास मुकाट्याने गेला तर सेल्विन नापास होणार होता.

बऱ्याच वेळाने सासूबाई आपल्या कुत्र्याशी बोलू लागल्या.

"स्मोकी, ऐक रे. पोरगं गप्प असलं की काही लोक त्याला प्रश्न विचारून भंडावतात. मी नाव नाही घेत कुणाचं. तू तसं करू नकोस. नुसता शेजारी बसून राहा. त्याचं तेच बोलायला लागेल."

सेल्विन मान खाली घालून ऐकत राहिला.

"आणि स्मोकी, तुला जमेल हे. माझी लेक काही उगाच नाही भाळली."

सेल्विनला हसू आवरेना. सासूबाईंचा स्मोकी सकाळपासून त्याच्याच पायाशी घोरत पडला होता.