सुटला म्हणून बंद

“‘कळवल्याबद्दल आभार. तुमचा प्रश्न सुटला, याचा मला खूप आनंद झाला.’” ताईने मोठ्याने वाचलं आणि हातातला चिमटा ट्रेमध्ये टाकला. “हे कोणी लिहिलं?”

“साइटच्या मदतनीसाने,” धाकटा भाऊ म्हणाला. “माणूस नाहीये तो. यंत्र आहे.”

“नाव तर आपलं दिसतंय.”

“आपल्या वतीने लिहितं ते.”

दुकान जेवणापुरतं बंद होतं. ताई श्रवणयंत्रं दुरुस्त करायची. ही यंत्रं कम्प्युटरला जोडून त्यांचा आवाज कमीजास्त करता यावा, म्हणून बहीणभावाने एक प्रोग्राम लिहिला होता. कोणीही तो फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. एका मोठ्या कंपनीच्या साइटवर तो ठेवलेला होता आणि वापरणारे आपल्या अडचणी तिथेच लिहीत. उत्तरं ताई द्यायची, सवड मिळेल तशी. प्रश्न तुंबलेले असायचे.

ताईने तो प्रश्न सुरुवातीपासून वाचला. एका आईने विचारलं होतं, मुलीला वर्गात बाईंचं बोलणं नीट ऐकू येत नाही, काय करू? मदतनीसाने तत्काळ सांगितलं होतं, कमाल आवाजाची मर्यादा काढून टाका. आईने काढली. शाळेची घंटा झाली तशी मुलगी किंचाळली. तिने यंत्र ओढून भिंतीवर फेकलं, आणि तेव्हापासून ती कानाजवळ कोणाचा हात येऊ देत नव्हती. आईने हे सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. त्याखाली ते आभार, तो आनंद, आणि शिक्का: सुटला म्हणून बंद.

“मर्यादा कशासाठी असते?” ताईने विचारलं.

“ताई, मला माहीत आहे गं.”

“तुला माहीत आहे. मग याला आपल्या दारात बसवलं कोणी?”

भाऊ चष्मा पुसायला लागला. “मध्यंतरी साइटकडून विचारणा आली होती. नवी सोय आहे, चालू करायची का? मी हो म्हटलं. प्रश्न भराभर बंद व्हायला लागले. मला वाटलं, सुटताहेत.”

“उघडून एकही बघितला नाहीस?”

“उरले किती, तेवढं बघत होतो.”

ताई उठली. बेसिनपाशी जाऊन तिने साबणाने हात धुतले, नळ बंद केला, पुन्हा उघडून पुन्हा धुतले.

“कमाल आहे तुझी,” भाऊ जरा हसून म्हणाला. “दिवसभर लोकांच्या कानातला मळ खरवडतेस. त्याची कधी किळस आली नाही तुला.”

“तो माणसाचा असतो,” ताई म्हणाली.

भावाचं हसू मावळलं.

“आजच्या आज सगळं इथून हलवायचं,” ती खुर्ची ओढत म्हणाली. “ती दुसरी साइट, संस्थेची. वर्गणीवर चालते ती. तिथे नाही ना हा प्रकार?”

“नाही. पण इथे हजारो लोकांनी आपल्याला तारे दिलेत. आवडलं म्हणून. ते काही सोबत येत नाहीत.”

“अकलेचे तोडलेस तेवढे पुरेत.”

भावाने मान खाली घालून काम सुरू केलं. प्रोग्राम, अगदी पहिल्या ओळीपासूनच्या सगळ्या दुरुस्त्यांसकट, चुटकीसरशी नव्या जागी गेला. प्रश्न मात्र रेंगाळत येत होते, विचारणाऱ्याच्या नावासकट. त्या आईचा आला तसा त्याने शिक्का काढला. प्रश्न उघडा झाला.

“यंत्राची उत्तरं गाळतो.”

“गाळू नकोस. आपल्या नावावर आहेत ती. येऊ देत.”

“आणि जुनं?”

“पुसून टाक.”

“ते जमणार नाही. पुसलं की नाव मोकळं होतं. उद्या कोणी त्याच नावाने भलतंच काही ठेवलं, तर लोक आपलंच समजून उतरवून घेतील. इथलं खातं ठेवावंच लागेल. अटी बदलतील तशा मान्यही कराव्या लागतील.”

“म्हणजे गेलो तरी यांच्या पाया पडत राहायचं.”



ताईने जुन्या जागेसाठी पाटी लिहायला घेतली. ‘आम्ही इथून गेलो आहोत’ एवढं लिहून होतं न होतं, तोच पुढे फिकट अक्षरांत शब्द आपोआप उमटले: ‘आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभार.’

“शी!” ती म्हणाली. तिने खाली फक्त नवा पत्ता लिहिला आणि पान बंद केलं.

मग नव्या जागी, त्या आईच्या प्रश्नाखाली, तिने सावकाश लिहिलं: ‘चूक आमची आहे. मर्यादा पूर्वीसारखी करून घ्या. मुलीचा कान आधी डॉक्टरांना दाखवा. ती तयार होईपर्यंत यंत्र लावायचा आग्रह करू नका. वर्गातल्या आवाजाचं काय करायचं, ते आपण मिळून बघू.’ नव्या जागेचा पत्ता तिने त्या आईला ईमेलने पाठवला.

दुकान उघडायची वेळ झाली तेव्हा उत्तर आलं.

‘डॉक्टरांना दाखवलं. कान बरा आहे. पण ती यंत्र घालत नाही. हे कोण लिहितंय?’

‘मी,’ ताईने लिहिलं.

बाहेर एक म्हातारं गिऱ्हाईक येऊन काचेवर टकटक करू लागलं. भाऊ दार उघडायला गेला. मग पडद्यावर एक ओळ आली.

‘तिथे उत्तरं देणारंही स्वतःला “मी”च म्हणायचं.’