दोन चांदण्या

ती ऑफिसमधून आली तीच धुमसत. लॅपटॉपची बॅग सोफ्यावर आदळली. कंपनीच्या वेबसाइटचं पान न् पान तिनं एचटीएमएलमध्ये उभं केलं होतं, आणि आज तिच्या बढतीचा विषय निघताच साहेब सगळ्यांसमोर दात काढून म्हणाले होते, "एचटीएमएल? हॅ! त्याला काय भाषा म्हणतात? चार खुणा टाकल्या की अक्षर ठळक! बढती खऱ्या प्रोग्रामरला मिळते."

"अक्कल गहाण टाकलीय मेल्यानं!" ती आईसमोर कडाडली. "माणसाच्या मेहनतीला असं कस्पटासमान लेखायचं म्हणजे काय!"

आईनं पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला आणि तिला जरा बरं वाटावं म्हणून स्वतःचा मोबाइल पुढे केला. "जाऊ दे गं. हे बघ, मावशीनं शिकवलं. शब्दाच्या मागे-पुढे एकेक चांदणी टाकली की मेसेजमधला तो शब्द ठळक होतो. म्हणजे तुझी भाषा थोडीशी मलाही यायला लागली की!"



"हॅ! काहीतरीच काय, आई! त्याला काय भाषा म्हणतात?"